एक रिंग देऊन ठेवते

बाड हॉम्बुर्ग, १९ जानेवारी २०२५

नंदिनी,

आशीर्वाद आधी घे, तक्रार नंतर ऐक. मावशी जर्मनीत येऊन दोन आठवडे झाले आणि तू गाडीने तासाभरावर राहून फिरकली नाहीस. मिरजेला माझ्या हातची थालीपिठं हाणायला बरी रोज यायचीस! ताईची मुलगी म्हणून सोडून देते, दुसरी कोणी असती तर पत्रसुद्धा लिहिलं नसतं.

पत्र का, फोन का नाही, असं विचारशील. अगं, बोलायचं कुठे? घर सुरेख आहे, पण वैभवी घरूनच ऑफिस करते. सूनबाईंची दिवसभर मीटिंग, म्हणजे आम्ही मुक्याने वावरायचं. चारूने माझ्या मोबाइलमध्ये इथलं कार्ड घालून दिलंय, पण तो घरात असताना माझा फोन वाजला की 'आई, कोण?' हा प्रश्न ठरलेला. म्हणून जेवणं झाली की मी कुरपार्कात, म्हणजे इथल्या मोठ्या बागेत, येते. इथे सयामच्या राजाने दिलेलं एक सोनेरी देऊळ आहे, आत देव नाही. त्याच्यासमोरच्या बाकावर बसून लिहितेय. बोटं गारठलीयेत, अक्षराला हसू नकोस.

तनया गोड आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि आमचं छान चालतं. मी म्हणते, 'तनू, वेणी घालू?' ती म्हणते, 'जा, आजी.' जा म्हणजे हो, हे कळायला मला दोन दिवस लागले, तोवर मी आपली उठून जात होते! चौथीत आहे. आता शाळा सांगणार, पोरगी गिम्नाझियमला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत जाणाऱ्या मुलांच्या शाळेत, जायच्या लायकीची आहे की नाही. एवढ्याशा जिवाचा निकाल! चारूला दुसरं काही सुचत नाही.

आणि हो, एक विचारायचं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब आहे. त्यांच्या घरात एक लहान मुलगी आहे आणि तिला मारतात. इथे अशा वेळी काय करतात? चारूला यातलं काही बोलू नकोस, तो म्हणेल आईला नसत्या भानगडी.

तुझी,
वासंतीमावशी


वाल्डॉर्फ, २७ जानेवारी २०२५

मावशी,

कान धरून माफी. समर्थ किटाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, जायला लागल्यापासून दर आठवड्याला नवं आजारपण घरी आणतो, आणि मग तो, पुष्कर, मी अशी रांगेत पडतो. तुझं पत्र पुष्करने पेटीतून काढून नाचवत आणलं. हाताने लिहिलेलं पत्र! आमच्या पेटीत फक्त आम्टाची, म्हणजे सरकारी ऑफिसांची, पाकिटं येतात.

तू जे विचारलंस ना, ते वाचून मी उडालेच. कारण सध्या मी नेमकं त्याच कामात आहे. आमची कंपनी दरवर्षी काही दिवस समाजकार्यासाठी देते. मी एका संस्थेची फोन-लाइन निवडली. मुलांना कोणी मारत असेल, छळत असेल, तर मुलांनी किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिथे फोन करायचा. पलीकडे शिकलेली माणसं असतात, ऐकून घेतात, पुढची व्यवस्था करतात. अडचण एकच, फोन उचलले जात नाहीत. माणसं थोडी, फोन फार. पोरं रिंग ऐकत बसतात आणि कंटाळून ठेवतात. तिथल्या मुख्य बाई, फ्राऊ ब्रेंडेल, मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'एकदा उचलला नाही तर ते मूल परत फोन करत नाही.' तर आल्झो, हे सुधारायचं काम माझ्याकडे!

त्या मुलीसाठी नंबर खाली लिहिलाय. फुकट आहे, नाव-गाव काही सांगावं लागत नाही. मराठी-हिंदी बोलणारं कोणी आलं तर मला जोडून द्या, असंही मी सांगून ठेवलंय. आणि मावशी, इथे मुलाला चापट मारायलासुद्धा कायद्याने बंदी आहे. घाबरू नकोस, तू कोणाचं वाईट करत नाहीयेस.

खालचे लोक कुठले आहेत?

नंदिनी


बाड हॉम्बुर्ग, ७ फेब्रुवारी २०२५

नंदिनी,

नंबर पोचला. मी तो त्या मुलीच्या आजीला दिला. ती पण माझ्यासारखीच पाहुणी आलीय, भाषा येत नाही बिचारीला.

कुठले लोक ते विचारू नकोस. चांगले शिकलेले आहेत. बाप कोणावर आवाज चढवत नाही, त्याचंच भय वाटतं. रोज संध्याकाळी मुलीला शुद्धलेखन घालतो. चुका मोजतो. मग तिला बाथरूममध्ये नेतो, नळ सोडतो आणि लाकडी पट्टी घेतो. पायांवर मारतो, म्हणजे शाळेत दिसू नये. आई बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसते. एकच टॉवेल उलगडते आणि परत घडी घालते. त्या मुलाच्या बापाने त्याला कधी बोट लावलं नव्हतं गं. कुठून शिकला कोण जाणे.

आजीने मध्ये पडून बघितलं. तो म्हणाला, 'आई, तू तीन महिन्यांची पाहुणी आहेस, पाहुणीसारखी राहा.'

त्या नंबरवर नक्की माणसं असतात ना? ती आजी धीर करून फोन करणार आहे.

मावशी


वाल्डॉर्फ, १८ फेब्रुवारी २०२५

मावशी,

बातमी! कालपासून आमची नवी सिस्टिम चालू झाली आणि पहिल्याच दिवशी जवळजवळ प्रत्येक फोन उचलला गेला. फ्राऊ ब्रेंडेलने मला मिठी मारली. जर्मन बाई आपण होऊन मिठी मारते म्हणजे काय ते तुला कळणार नाही, पुष्करला सगळं कळलं, त्याने केक आणला.

काय केलं सांगू? फोन कधी येतात ते बघून माणसांच्या पाळ्या बदलल्या, हे एक. दुसरं म्हणजे कचरा काढला. कितीतरी फोन एक रिंग देऊन बंद होत. खिशात बटण दाबलं गेलं, पोरांनी पैज लावली, असले. टेबलावर फोन वाजायचा, माणूस हातातलं टाकून धावायचा, तोवर बंद. आता फोन करणाऱ्याला रिंग ऐकू येते, पण आमच्या टेबलावर ती जरा थांबून वाजते. तेवढ्यात ज्याने ठेवला तो मोजलाच जात नाही. साधी गोष्ट आहे, पण कोणाला सुचली नव्हती. गेनाऊ, अगदी बरोबर, तुझ्या भाचीला सुचली!

ब्रेंडेलबाई जरा कुरकुरल्या. म्हणाल्या, 'हल्ली रोज दुपारी एक रिंग येते, ठरल्यासारखी. कोणीतरी आहे तिथे.' मी म्हटलं, असेल कोणी टवाळ. ज्याला खरंच मदत हवी तो रिंग वाजू देईल ना?

तुझं वर्णन वाचून अंगावर काटा आला. तुर्की वगैरे असतील का? त्या आजीला सांग, बिनधास्त फोन कर, आता उचलतीलच.

नंदिनी


बाड हॉम्बुर्ग, ३ मार्च २०२५

नंदिनी,

त्या आजीने फोन केला. एकदा नाही, रोज करते. काही उपयोग झाला नाही. तिकडून कोणी काही केलं नाही.

तनयाला गिम्नाझियमची शिफारस मिळाली नाही. वर्गशिक्षिका म्हणाली, मुलगी हुशार आहे पण पेन हातात घेतलं की थरथरते, एखादं वर्ष सावकाश जाऊ द्या. चारू शिक्षिकेसमोर हसला. तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

तू एकदा येऊन जा. सुट्टीच्या दिवशी नको, मधल्या वारी ये, चारू ऑफिसात असताना. तुला डिंकाचे लाडू करून ठेवलेत. मुद्दाम ये.

मावशी


वाल्डॉर्फ, ११ मार्च २०२५

मावशी,

रागावू नकोस, पण असं होऊच शकत नाही. एक तर त्या आजी फोन करत नसतील, किंवा लागला की घाबरून बोलत नसतील. लोक सांगतात फोन केला म्हणून, प्रत्यक्षात करत नाहीत, हे आम्ही फार बघतो. माझ्यासमोर रोजचे आकडे आहेत, न उचललेला फोन आता शोधून सापडत नाही. या कामाबद्दल आमच्या डायरेक्टरने सगळ्या ऑफिससमोर माझं नाव घेतलं.

तनूचं वाईट वाटलं. चारूला म्हणावं, एवढं मनावर घेऊ नकोस, इथे नंतरसुद्धा शाळा बदलता येते. तो लहानपणापासून असाच, दुसरा नंबर आला तरी जेवायचा नाही.

मधल्या वारी येणं कठीण आहे गं. समर्थला परत ताप आहे आणि ऑफिसात दुसरं मोठं काम चालू झालंय. तू जायच्या आत एका शनिवारी सगळेच येतो, चारूशीही गप्पा होतील. लाडू लपवून ठेव.

नंदिनी


मिरज, ९ एप्रिल २०२५

नंदिनी,

मी परत आले. तुम्ही येणार होतात त्या शनिवारी चारूने तुला फोन करून सांगितलं ना, की आईला सर्दी आहे, येऊ नका? मला काही झालं नव्हतं. हे पत्र शेजारच्या ऊर्मिलेकडून फोटो काढून तुला पाठवतेय, टपालाची वाट बघायला धीर नाही.

खालच्या मजल्यावर कोणी राहत नाही. तिथे दातांचा दवाखाना आहे. ती मुलगी तनू आहे. ती आजी मी.

आता मला शिव्या घाल. मी तुला सरळ का लिहिलं नाही, तर लिहवलं नाही. पेन घेऊन बसायचे आणि 'खालचे' असं लिहून मोकळी व्हायचे. पोटचा पोर आहे गं तो. आणि फोन मी खरंच केला, नंदिनी. रोज केला, त्या देवळासमोरच्या बाकावरून. एक रिंग देऊन ठेवत होते. आपल्याकडे नाही का, बँकवालेसुद्धा सांगतात, मिस्ड कॉल द्या, आम्ही संपर्क करू. भिशीच्या बायका, गॅसवाला, तुझे काका होते तेव्हा ते एसटी स्टँडवरून, सगळे तेच करायचे. मला वाटलं, त्यांच्याकडे नंबर उमटेल, ते बघतील, आणि कोणीतरी उलट फोन करेल. मी मराठी बोलते म्हटल्यावर तुला जोडतील. तू विचारलं असतंस, 'मावशी, तू?' आणि मी सगळं सांगितलं असतं. फुकट आहे हे तू लिहिलं होतंस, ते वाचलं मी. पण आपण होऊन मुलाची तक्रार करणं वेगळं आणि कोणी विचारलं तर खरं सांगणं वेगळं. मला तेवढा आडोसा हवा होता. ऊन असो, बर्फ असो, मी तास-तासभर फोन मांडीवर ठेवून बसत होते.

निघताना मी आणखी एक करून बसले. तनूकडून तो नंबर पाठ करून घेतला. म्हटलं, शाळेतून आलीस की घरातल्या फोनवरून एक रिंग दे आणि ठेव, आईला कळायच्या आत. ती माणसं चांगली आहेत, उलट फोन करतात. कंटाळू नकोस, रोज दे.

ती म्हणाली, 'जा, आजी.'

तू काहीतरी कर. तुझ्या पाया पडते. मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, तरी पडते.

मावशी


वाल्डॉर्फ, ३० मे २०२५

मावशी,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी फोन केला होता, तू उचललास आणि आपण दोघी नुसत्या रडलो. त्यानंतर मी फोनवर तुला दर वेळी 'चाललंय, होईल' एवढंच सांगत आले. ते खरं नव्हतं. म्हणून आज बसून लिहिते, मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ब्रेंडेलबाईंकडे गेले. दुपारच्या त्या रिंगचं सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. आमच्याकडे नंबर दिसतच नाही, मावशी. मुलांनी न घाबरता फोन करावा म्हणून तो मुद्दाम झाकलेला असतो. उलट फोन करता येत नाही, कोणालाच. हे मी तुला लिहिलं नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही, इथे सगळ्यांना माहीत असतं.

युगेंडआम्टमध्ये, म्हणजे मुलांचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात, मी चारूचं नाव-पत्ता देऊन तक्रार केली. दोन बायका घरी जाऊन आल्या. वैभवीने कॉफी केली, केक कापला. चारूने तनूच्या वह्या दाखवल्या. तनूला वेगळं बसवून विचारलं, तर ती म्हणाली, 'आलेस गुट', सगळं छान आहे. पायांवर काही नव्हतं. कुठून असणार, ईस्टरच्या सुट्टीत ते स्पेनला गेले होते. बायका म्हणाल्या, लक्ष ठेवू. मी शिक्षिकेलाही भेटले, ती म्हणाली, मुलगी गप्प असते, पण गप्प असणं हा काही पुरावा नाही.

तक्रार कोणी केली ते चारूला कळलंच. फोनवर मला म्हणाला, 'आईला वयाने भास होतात आणि तू माझ्या घरात सरकार घुसवलंस.' एवढ्या शांतपणे बोलला की मलाच क्षणभर वाटलं, आपलं चुकलं का? बघ म्हणजे. मला असं वाटलं, तर त्या पोरीला काय वाटत असेल!

टेबलावर रिंग थांबून वाजायची ती सोय मी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला. एक रिंग. ब्रेंडेलबाई दोन टेबलं ओलांडून धावल्या, तोवर बंद. रोज तसंच. सगळे त्या वेळेला हातातलं काम ठेवून बसतात, तरी जमत नाही. ती फारच पटकन ठेवते गं. कार्टी तुझ्या शब्दाबाहेर जात नाही.

मग मी सुट्टी टाकून तिच्या शाळेपाशी गेले. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की ठेवू नकोस. ती फाटकातून बाहेर आली, मला बघून हसली, आणि मग तिला आठवलं. जर्मनमध्ये म्हणाली, 'पापा म्हणतात तुझ्याशी बोलायचं नाही.' तेवढ्यात वैभवी आली, तिचा हात धरून गाडीत बसवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काचेवर थापा मारल्या आणि रस्त्यात उभी राहून ओरडले, 'तनू, फोन ठेवू नकोस! उचलेपर्यंत ठेवू नकोस!' लोक बघायला लागले. गाडी गेली. तिने ऐकलं का ते मला कळलं नाही.

तिने ऐकलं होतं, मावशी. परवा दुपारी रिंग वाजली, एक, दोन, तीन. ब्रेंडेलबाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, 'मी ऐकतेय, तू सावकाश बोल.' पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. बराच वेळ घेत होतं. बाई बोलत राहिल्या. मग लांबून पुरुषाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्याचे शब्द बाईंनी ऐकले तसे लक्षात ठेवले होते. मला बोलावून त्यांनी ते म्हणून दाखवले आणि विचारलं, याचा अर्थ काय? त्यांच्या त्या जर्मन उच्चारात त्या म्हणत होत्या, 'तनू, कोणाला फोन?'

मी युगेंडआम्टला लगेच कळवलं. ते म्हणाले, परत भेट देऊ. भेटीची तारीख पत्राने कळवायची त्यांची पद्धत आहे, म्हणजे चारूला आधी कळणार. मी तिथल्या बाईंवर ओरडले, त्यांनी ऐकून घेतलं.

काल रिंग आली नाही. आजही नाही आली.

नंदिनी


मिरज, १२ जून २०२५

नंदिनी,

पत्र मिळालं. चारूने माझा नंबर त्याच्याकडे बंद करून टाकलाय, वैभवीनेही. वाढदिवसाला तनूला पाठवलेलं पार्सल परत आलंय, परकर-पोलक्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. शेजारीपाजारी विचारतात, नात कशी आहे. मी म्हणते, छान आहे, उंच झालीय.

तू स्वतःला दोष देत बसू नकोस. दोष द्यायचा तर मला दे, मी तिला ठेवायला शिकवलं.

तनूला माझा नंबर पाठ आहे, लहान असताना गाण्यासारखा म्हणायची. म्हणून हल्ली मी फोन कमरेला बांधलेल्या पिशवीत घेऊन फिरते आणि पहिल्याच रिंगला उचलते. गॅसवाला, लाइट बिलवाला, कोणीही असो. आजवर ज्यांना मी एक रिंग देऊन ठेवत आले ते सगळे म्हणतात, वासंतीबाई, तुम्हाला काय झालंय?

परवा दुपारी वाजला. हात कणकेत होते, तसाच उचलला आणि म्हणाले, 'तनू, ठेवू नकोस गं, मी आहे.' कर्ज हवंय का विचारणारी कोणी मुलगी होती. बिचारीने दोनदा हॅलो केलं. मग म्हणाली, 'आजी, राँग नंबर लागला वाटतं,' आणि तिने ठेवला.

मावशी